करंजाखालची जागा

विद्याधर गुप्तेच्या हाती गाडी आली ती चार महिन्यांपुरती, आणि तीही दुसऱ्याची. पण मुलुंडच्या त्या गल्लीत ती पहिल्यांदा वळली तेव्हा हे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि विद्याधरनंही आपणहून कुणाला सांगितलं नाही.

तो एका विलायती औषध कंपनीचा प्रतिनिधी होता. घाटकोपरपासून ठाण्यापर्यंतचे डॉक्टर त्याच्याकडे. चामड्याची जड बॅग घेऊन सकाळ-संध्याकाळ तो दवाखान्यांच्या बाकांवर रोग्यांच्या शेजारी बसायचा, आणि आतून बोलावणं आलं की नव्या टॉनिकची बाटली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून पाठ केलेलं बोलून दाखवायचा. छप्पन सालच्या फेब्रुवारीत त्याचा मोठा साहेब, कॉलिन्स, रजेवर विलायतेला निघाला. साहेबाची गडद निळी ऑस्टिन नुसती उभी राहिली तर बिघडेल, चालती राहिलेली बरी, असं हापिसात ठरलं. उपनगरांत सगळ्यात जास्त पायपीट विद्याधरची, आणि कॉलेजात असताना मामाकडे तो गाडी चालवायला शिकला होता; म्हणून किल्ल्या त्याच्याकडे आल्या.

जाताना साहेब म्हणाला, "गुप्ते, इंजिनाची मला काळजी नाही, ते कुणीही दुरुस्त करतो. रंग सांभाळ. मला तो असाच परत हवा."

या वाक्याचा विद्याधरनं मनातल्या मनात बराच अर्थ लावला. पावसाळ्यानंतर सुपरवायझरची जागा रिकामी होणार होती. साहेबानं आपल्याला पारखायचं ठरवलंय, आणि ते या रंगावरून, अशी त्याची खात्री झाली.

अडचण एवढीच होती की विद्याधर हा काही गाड्या धुणारा माणूस नव्हता. सकाळी उठून बादल्या उचलायच्या, ओणवं होऊन फडकी मारायची, हे त्याच्या अंगात नव्हतं. शिवाय बिल्डिंगमध्ये पाणी यायचं पहाटे आणि तेही थोडं. बायकोनं, कुंदानं, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पिण्याच्या पाण्यातला तांब्याभरसुद्धा गाडीला मिळायचा नाही, आधीच सांगून ठेवते."

तेव्हा त्यानं हापिसचा जुना ड्रायव्हर काशीराम याला गाठलं. काशीराम म्हणाला, "तुमची कायमची गाडी असती तर मेण लावायला सांगितलं असतं, पॉलिश सांगितलं असतं. चार महिन्यांसाठी कशाला एवढा खटाटोप? दोनच गोष्टी करा. दुपारचं ऊन लागू देऊ नका आणि कावळ्याची घाण वाळू देऊ नका. सकाळी मऊ फडक्यानं धूळ झटकली की झालं. रंगाला काही होत नाही."

हे विद्याधरला फार पटलं. कमीत कमी कष्टाचं कुठलंही शास्त्र त्याला चटकन पटायचं.

डॉक्टर लोक सकाळी आणि संध्याकाळी भेटायचे. दुपारी तो जेवायला घरी यायचा आणि ऊन उतरेपर्यंत घरीच असायचा. म्हणजे नेमकी भर दुपारची गाडी बिल्डिंगच्या आवारात उभी राहणार. आवारात सावली म्हणाल तर एकाच झाडाची, मागच्या अंगाच्या थोरल्या करंजाची. भिंतीच्या कडेला त्यानं गाडी लावून बघितली, पण भिंतीची सावली दुपार व्हायच्या आतच पायाशी यायची. फाटकाजवळ तर छप्परच नाही. आठवड्याभरात बॉनेट असं तापायला लागलं की हात ठेववेना. करंजाखाली मात्र दिवसभर गार. नुकती पालवी फुटून झाड गच्च झालं होतं.

आणि करंजाखाली दशरथ परबची बाज होती.

दशरथ मूळचा मालवणकडचा, परळच्या गिरणीतला माणूस. क्षयानं धरलं तशी गिरणी सुटली, परळची खोली सुटली. इस्पितळात बरेच महिने काढून तो मुलुंडला आला, कारण मुलुंडची हवा चांगली असं सगळेच म्हणत. बिल्डिंगच्या पाठीमागे पत्र्याच्या छपराची एक खोली होती, तिथे तो आणि त्याची बायको रुक्मिणी राहायची. ती जवळच्या शाळेत पाणी भरायची, वर्ग झाडायची. सकाळी कामावर जाण्याआधी ती बाज उचलून करंजाखाली आणून टाकायची आणि दशरथ संध्याकाळपर्यंत तिथं पडून असायचा. डॉक्टरांनी सांगितलेलं औषधच ते, उघडी हवा आणि विश्रांती. बिल्डिंगमधली माणसं त्याला वळसा घालून जायची. मुलांना आयांनी ताकीद देऊन ठेवली होती. कुणी दुष्ट नव्हतं. भीतीच तशी होती तेव्हा.

मार्चमधल्या एका दुपारी विद्याधर गाडीतून उतरला, बॅगेतून टॉनिकची नमुन्याची बाटली काढली आणि करंजाखाली गेला.

"परब, झोपलात का?"

दशरथ धडपडत उठून बसला. इतक्या जवळ येऊन त्याच्याशी कुणी बोलत नसे. "नाय, नाय, जागोच आसंय. बोला, सायब."

"हे घ्या. आमचं नवीन टॉनिक आहे, ताकदीला चांगलं." विद्याधरनं बाटली पुढे केली. "आणि एक विचारायचं होतं. म्हणजे तुम्हाला अडचण नसेल तरच हं. नाहीतर राहू द्या..."

दशरथनं बाटलीकडे बघितलं, मग विद्याधरच्या खांद्यावरून पलीकडे, उन्हात उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं. तो काही खुळा नव्हता.

"गाडी तापता उन्हात," तो म्हणाला. "मी रोज बघतंय. एवढी मोलाची वस्तू. हंयसर लावा ना. माजी बाज काय, खंयपण घालूक येता."

"तसं नाही, पण तुम्हाला ऊन..."

"भिंतीकडे सावली असता."

भिंतीकडची सावली किती टिकते ते विद्याधरला पक्कं ठाऊक होतं. पण तो म्हणाला, "मग ठीक आहे. तुमची हरकत नसेल तर."

एवढंच झालं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी कुणाला हुसकावलं नाही. शाळेतून परतलेल्या रुक्मिणीनं एका बाजूनं आणि दशरथनं दुसऱ्या बाजूनं बाज उचलली. बाजेच्या खुरांनी तिथल्या मातीत चार खळगे पडले होते. विद्याधरनं गाडी मागे घेतली, वळवली आणि त्या खळग्यांवर आणून उभी केली. जिना चढताना त्याचे कान गरम झाले. ऊन फार आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

पुढच्या काही दिवसांत काय घडत गेलं ते विद्याधरला वरच्या गॅलरीतून दिसत होतं. सकाळी बाज भिंतीलगत असायची. ऊन सरकत आलं की ती खोलीत जायची. खोलीत पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं व्हायचं, म्हणून दशरथ उंबऱ्यावर येऊन बसायचा, डोक्यावर ओला पंचा टाकून. आणि बसल्या बसल्या तो गाडीवर नजर ठेवायचा. फांदीवर कावळा येऊन बसला की हातातली काठी आपटायचा, हॅक् हॅक् करायचा. त्यातूनही एखाद्यानं घाण टाकलीच तर उठून, भिंतीला धरत धरत जाऊन, फडक्यानं पुसून काढायचा. काम उरकलं की गाडीलाच हात टेकून दम खायचा आणि मग परत उंबऱ्यावर.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा विद्याधर गॅलरीतून हाक मारायला पुढे झाला होता. "परब, तुम्ही कशाला?" एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढ्यात आतून चहा आला, आणि चहा पिऊन होईपर्यंत दशरथ जागेवर जाऊन बसलाही होता. दुसऱ्या दिवशी म्हणू, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी बॉनेटवर एक डाग नव्हता; आरशासारखं त्यात करंजाचं पान न् पान दिसत होतं. ते म्हणणं राहूनच गेलं. आठवड्यातून एखादी टॉनिकची बाटली मात्र तो न चुकता खाली नेऊन द्यायचा. दशरथ ती दोन्ही हातांनी घ्यायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "सायबांनी दिली. देवमाणूस."

हापिसात गाडी गेली की बाकीचे प्रतिनिधी भोवती जमायचे. एकदा त्यांतला जयंत म्हणून एक जण बॉनेटवर बोट फिरवून म्हणाला, "काय झकास ठेवलीयस रे! रोज धुतोस काय?"

"छे रे," विद्याधर म्हणाला. "सावलीत लावतो. हातसुद्धा लावावा लागत नाही."

सगळे हसले. तोही हसला. घरी येऊन त्यानं हेच कुंदाला रंगवून सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता ती म्हणाली, "तुम्हाला हात लावावा लागत नाही, कारण दुसऱ्याचा लागतोय."

"मी काही सांगितलं नव्हतं त्याला."

"नको म्हणूनही सांगितलं नाहीत."

विद्याधर त्या रात्री अर्धवट जेवूनच उठला. तिच्यावर चिडला होता असं त्याला वाटलं. तिचं म्हणणं खरं आहे हे कळल्यामुळे तो चिडला होता, पण तेवढा खोल विचार त्यानं केला नाही.

मे महिना आला. शाळा बंद झाली, तशी रुक्मिणी दिवसभर घरी असायला लागली. दशरथच्या शेजारी उंबऱ्यावर बसून ती त्याला वारा घालायची. कावळा आला की आता तीच उठायची. दशरथला उठू द्यायची नाही. विद्याधर समोरून गेला तर दशरथ हसून हात जोडायचा. रुक्मिणी पदर सावरून दुसरीकडे बघायची.

पाच रस्त्यांजवळ डॉक्टर सुहासिनीबाई दळवींचा दवाखाना होता. दर मंगळवारी विद्याधर त्यांच्याकडे जायचा. बाई जाड भिंगांचा चष्मा लावायच्या, कमी बोलायच्या आणि त्याचं पाठ केलेलं बोलणं मधे न तोडता ऐकून घ्यायच्या. म्हणून त्याला त्या आवडायच्या. त्या मंगळवारी तो आत गेला आणि बॅग उघडणार तोच त्या म्हणाल्या, "तुमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो ना हो तो परब?"

"हो. मागच्या खोलीत."

"त्याला मी झाडाखाली पडून राहायला सांगितलं होतं. मार्चपर्यंत वजन छान भरत होतं. आता उतरतंय. संध्याकाळचा ताप परत यायला लागलाय. विचारलं तर म्हणतो, बाई, तुम्ही सांगितलंत तसंच करतोय." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तुम्ही रोज बघत असाल. पडून राहतो का तो?"

विद्याधरच्या तोंडाशी शब्द आले होते. अगदी सोपे होते, चारपाचच. डोक्यावर पंखा खडखडत होता. बाहेरच्या बाकावर कुणाचं तरी मूल रडत होतं.

"यंदा ऊन फार आहे ना, बाई," तो म्हणाला. "सगळ्यांनाच त्रास होतोय."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि क्षणभर त्याच्याकडे बघितलं. "हं," एवढंच म्हणाल्या.

आणि मग विद्याधरनं जे केलं ते पुढे कितीतरी वर्षं, दाढी करताना, जेवताना, कधीही आठवलं की त्याची मान आपोआप खाली जायची. त्यानं बॅग उघडली, टॉनिकची बाटली टेबलावर ठेवली आणि सुरुवात केली, "बाई, हे आमचं नवीन. क्षयातून उठलेल्या रोग्याला भूक लागायला, वजन भरायला फार उपयोगी पडतं..." थांबावंसं वाटत असूनही तो शेवटपर्यंत बोलला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, बाटली उचलून खणात ठेवली आणि घंटी वाजवली.

बाहेर येऊन तो गाडीत बसला. किल्ली फिरवायला हात होईना. काचेतून समोर निळं बॉनेट लखलखत होतं. शेवटी तो घरी आला तो सरळ फाटकाजवळ, भर उन्हात गाडी उभी करून मागच्या अंगाला गेला.

दशरथ उंबऱ्यावर होता. पत्र्याची झळ बाहेरसुद्धा लागत होती. गालांची हाडं वर आली होती. रोज दिसणाऱ्या माणसाकडे आपण कितीतरी दिवसांत बघितलंच नाही, हे विद्याधरच्या तेव्हा ध्यानात आलं.

"सायब, गाडी थंय कित्याक उभी केलात?" दशरथ काळजीनं म्हणाला. "तापतली ना."

"परब, बाज आणा करंजाखाली. आजपासून गाडी फाटकापाशीच राहील."

दशरथचा चेहरा उतरला. "माजा काय चुकला काय? कालची ती घाण मी लगेच पुसलंय. डाग ऱ्हवलो काय?"

"तुमचं काही चुकलं नाही हो. चूक..." विद्याधरनं वाक्य तिथंच सोडून दिलं आणि म्हणाला, "दळवीबाईंनी सांगितलंय. तुम्ही झाडाखालीच पडायला हवं."

"बाईंका कोणी सांगल्यान?" दशरथ एकदम घाबरला. "मी कायएक सांगूक नाय, सायब. आईशप्पथ. तुमचा नाव पण घेऊक नाय."

विद्याधरला वाटलं, यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो तिथंच उभा राहिला. रुक्मिणी आत गेली आणि एकटीच बाज ओढत बाहेर आली. तो पुढे होऊन एक बाजू धरायला वाकला.

"ऱ्हवांद्या," ती म्हणाली. "माका सवय आसा."

तिनं एकटीनं बाज करंजाखाली नेली. गाडीच्या तेलाचे थेंब पडून तिथली माती काळी झाली होती. ती तिनं पायानं उकरली, वर कोरडी माती पसरली आणि बाज टाकली. दशरथ आडवा झाला खरा, पण त्याचं तोंड फाटकाकडेच होतं. उन्हात उभ्या असलेल्या गाडीकडे तो एखाद्या आजारी माणसाकडे बघावं तसा बघत होता.

त्या रात्री विद्याधरला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली. झालं गेलं आपण निस्तरलं, असं त्याला वाटलं. बाईंना सांगितलं नाही हे खरं, पण सांगून तरी काय होणार होतं? बाज जागेवर आली, मुद्दा संपला. मेअखेर दशरथचा ताप उतरल्याचं कुंदाकडून कळलं तेव्हा तर तो स्वतःवर जरा खूशच झाला. उन्हात उभं राहूनही गाडीच्या रंगाला नजरेला जाणवेल असं काही झालं नव्हतं, हे त्यानं मुद्दाम वाकून, तिरक्या नजरेनं तपासून घेतलं. म्हणजे ती सावली एवढी काही लागतच नव्हती. हे लक्षात आल्यावर मात्र तो तपासायचा थांबला आणि फडकं ठेवून वर गेला.

जूनच्या सुरुवातीला साहेब परत आला. विद्याधरनं हापिसच्या आवारात गाडी नेऊन उभी केली. त्या दिवशी कधी नव्हे तो पहाटे उठून त्यानं ती स्वतः पुसली होती. साहेब उतरून आला, दार उघडून आत बसला, गाडी सुरू करून कान देऊन ऐकली, क्लच दाबून बघितला. गाडीभोवती एक फेरीसुद्धा मारली नाही.

न राहवून विद्याधर म्हणाला, "सर, रंग..."

"हं? हो, छान आहे," साहेब म्हणाला. "पण आमच्या मॅडमना हा निळा कधीच आवडला नव्हता. परत येताना बोटीवर माझ्यामागे लकडा लावला होता. काशीराम, गॅरेजला सांगून ठेव. या आठवड्यात सगळा रंग खरवडून क्रीम रंग द्यायचाय."

काशीरामनं "जी साब" म्हटलं आणि विद्याधरकडे बघून खांदे उडवले. जयंत मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "वाट लागली की रे तुझ्या मेहनतीची!" विद्याधरही हसला. हसायलाच हवं होतं. पण माझी कसली मेहनत, हे त्याचं त्याला ठाऊक होतं.

सुपरवायझरच्या जागेचा विचार त्या दिवसापुरता तरी त्याच्या मनात आला नाही. घरी आला तेव्हा कुंदानं विचारलं, "गाडी गेली म्हणून वाईट वाटतंय का?" तो "हो" म्हणाला. दुसरं काय सांगणार?

दळवीबाईंना सांगायलाच हवं, हे त्यानं त्या रात्री ठरवलं. मंगळवारपर्यंत थांबला असता तर धीर सुटला असता, म्हणून शुक्रवारीच बॅग न घेता, पायी तो दवाखान्यात गेला. सगळे रोगी आटपेपर्यंत बाकावर बसून राहिला. आत गेल्यावर खुर्चीत न बसता, उभ्या उभ्या त्यानं सगळं सांगितलं. करंजाखालची जागा, टॉनिकची बाटली, कावळे, पत्र्याखालचा उंबरा, आणि त्या मंगळवारी आपण उन्हावर ढकलून मोकळे झालो ते.

बाईंनी मधे न तोडता ऐकून घेतलं. त्याचं संपल्यावर म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"परब बोलला?"

"तो कसला बोलतोय! रुक्मिणीनं सांगितलं. म्हणून तर मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं." मग रोगाचं नाव सांगावं तशा सरळ आवाजात त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही मला टॉनिक दाखवलंत."

विद्याधर घाईनं म्हणाला, "पण बाई, मी त्याच दुपारी गाडी तिथून काढली."

"काढलीत. चांगलं केलंत. त्याचा गुण आला त्याला." बाईंनी पेनाला टोपण लावलं. "एक विचारू, गुप्ते? तुम्ही माझ्याकडे दर मंगळवारी येता."

"हो."

"परबचं इंजेक्शन मंगळवारी आणि शुक्रवारी असतं. तुमच्या गल्लीपासून इथवर तो चालत येतो, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून, वाटेत बसत बसत. तुम्हीही त्याच रस्त्यानं यायचात, गाडीतून. शेजारची जागा रिकामी."

विद्याधरला आठवलं. एकदा नव्हे, बरेचदा घडलेलं. शाळेच्या वळणावर ती दोघं दिसायची. तो हॉर्न द्यायचा. रुक्मिणी नवऱ्याला धरून कडेला व्हायची, धुरळा उडायचा, आणि धुरळ्यातून दशरथचा वर केलेला हात आरशात दिसायचा. विद्याधरही हात करायचा. थांबावं, दार उघडावं, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. मनात येऊन रोगाच्या भीतीनं तो थांबला असता तर निदान कारण तरी असतं. आताही, बाईंसमोर उभं असताना, साहेबाच्या गाडीत क्षयाच्या माणसाला बसवलेलं चाललं नसतं, अशी सबब त्याच्या डोक्यात लगेच तयार झाली, आणि आपलं डोकं इतक्या चटकन सबब शोधतं याचीच त्याला किळस आली.

"गाडी आता परत गेली ना?" बाईंनी विचारलं.

"गेली."

"मग झालं." त्या उठून हात धुवायला गेल्या. क्षमा नाही, रागही नाही. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "परब यायचाय अजून. उशीर झालाय आज त्याला. दार लावू नका."

विद्याधर बाहेर पडला. हवा दमट होती, अंगाला सदरा चिकटत होता. शाळेच्या भिंतीपाशी पोचतो तोच समोरून ती दोघं येताना दिसली. उजवीकडे एक बोळ होता. त्यात शिरता आलं असतं, आणि त्याचा पाय तिकडे वळलाही होता. पण दशरथनं त्याला बघितलं.

"सायब! पायी?"

"गाडी दिली परत. साहेब आला विलायतेहून."

दशरथ थांबला. रुक्मिणीच्या खांद्यावरचा हात न काढता तो जरा ताठ झाला. डोळ्यांत उत्सुकता मावत नव्हती. "मगे? सायबान रंग बघल्यान? खूश झालो मां?"

रुक्मिणी विद्याधरकडे बघत होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिनं नजर दुसरीकडे वळवली नाही.

"हो," विद्याधर म्हणाला. "फार खूश झाला."

"बघ गो! मी तुका म्हटलंय मां?" दशरथला हसता हसता खोकला आला. तोंडावर पंचा धरून, विद्याधरकडे पाठ करून तो खोकून घेईपर्यंत दोघं थांबली.

"मी येतो तुमच्याबरोबर. दवाखान्यापर्यंत," विद्याधर म्हणाला.

"कित्याक?" रुक्मिणीनं विचारलं.

ती थोडा वेळ वाट बघत उभी राहिली, मग नवऱ्याला घेऊन चालायला लागली. विद्याधर वळला आणि रस्त्याच्या बाजूनं त्यांच्यासोबत निघाला. त्यांची चाल इतकी सावकाश होती की दर थोड्या पावलांनी त्याला थांबावं लागत होतं. ज्या अंतराला गाडीत बसून त्यानं कधी अंतर म्हटलं नव्हतं, ते संपता संपत नव्हतं.

"आता गाडी पुसता कोण?" दशरथनं विचारलं.

"काशीराम म्हणून ड्रायव्हर आहे आमचा."

"त्याका सांगा, सुक्या फडक्यान घासू नको म्हणान. घाण आधी भिजवन घेवची, मगे हलक्या हातान पुसायची. नायतर चरे पडतत."

"सांगतो," विद्याधर म्हणाला, आणि मान खाली घालून त्यांच्या पावलाबरोबर पाऊल टाकत राहिला.